किनाऱ्याकिनाऱ्याने रेवदंडा ते रेडी: तंबू कुठे ठोकावा, किती चालावं?

खाडीपलीकडे | १४ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत डोंबिवलीहून निघून समुद्राचा हात धरून थेट रेडीपर्यंत जायचं ठरवलंय. मुंबई-गोवा महामार्गावर शक्यतो चढायचंच नाही. हातात ८ दिवस आहेत. गाडी साधी हॅचबॅक. माणसं पाच: मी, बायको, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा आणि माझे बाबा, वय ६८. बाबा मूळचे राजापूर तालुक्यातले, आडिवऱ्याच्या बाजूचे. बाराव्या वर्षी शिकायला मुंबईला आले आणि नंतर लग्नकार्यापुरतेच गावी गेले. ही सहल खरं तर त्यांच्यासाठीच आहे.

मुलांना तंबूत झोपायचं आहे, म्हणून दोन तंबू घेतलेत. मला रोज दोन-तीन तास चालायचं आहे, किनाऱ्याने किंवा सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरून. सध्याची यादी अशी: रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरुड-जंजिरा, दिवेआगर, हरिहरेश्वर, वेळास (कासवं!), केळशी, आंजर्ले, हर्णे, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, मालगुंड, आरे-वारे, पावस, कशेळी, आंबोळगड, विजयदुर्ग, कुणकेश्वर, मालवण, भोगवे, वेंगुर्ले, शिरोडा, रेडी. किनाऱ्यावर तंबू ठोकलेला चालतो का? कुठे? आणि बाबांना झेपतील असे चालायचे टप्पे कोणते? अनुभवी लोकांनी मोकळेपणाने सांगा.

गुहागरकरीण | रात्री १०:०५

यादी वाचूनच दम लागला. २५ ठिकाणं आणि ८ दिवस! पोरांना समुद्र गाडीच्या काचेतूनच दिसेल. निम्मी नावं खोडा. आणि आमच्या गुहागरला फक्त जेवायला थांबणार असाल तर येऊच नका. सहा किलोमीटरचा किनारा आहे, पहाटे अनवाणी चाला.

डांबरी_वाट | रात्री १०:३२

मी हा रस्ता तीनदा केला आहे, एकदा बाइकवर आणि दोनदा गाडीने. नकाशात दोन गावं शेजारी दिसतात, पण मध्ये खाडी आडवी येते. चार ठिकाणी फेरीबोटीत गाडी चढवावी लागते: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. त्या पंधरा-वीस मिनिटांसाठी मुलं वर्षभर तुमचे आभार मानतील. सुट्टीत मात्र जेट्टीवर रांग लागते, शक्यतो सकाळची पहिली-दुसरी फेरी पकडा.

तासाला ३० किलोमीटरच्या वर हिशोब धरू नका. रस्ते अरुंद आणि वळणं आंधळी. समोरून एसटी आली की मागे घ्यायची तयारी ठेवा. पेट्रोल मोठं गाव आलं की भरून घ्यायचं, अर्धी टाकी आहे म्हणून पुढे जायचं नाही. अंधार पडल्यावर गाडी चालवायचीच नाही, कारण रस्त्यात गुरं बसलेली असतात.

मोकळा_वारा | रात्री ११:१०

तंबूचं इतकं काय विचारता? समुद्र सगळ्यांचा. आम्ही मित्र दरवर्षी जातो. संध्याकाळी निवांत जागा दिसली की सुरूच्या बनात तंबू ठोकतो, शेकोटी करतो, सकाळी आवरून निघतो. आजवर कुणी हटकलं नाही. परवानगी मागत बसलात तर मजाच जाईल.

सुकती | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

धागाकर्ते, ठिकाणांची यादी बाजूला ठेवा आणि आधी कॅलेंडरात तिथी बघा. किनाऱ्यावर कधी चालता येईल हे घड्याळ ठरवत नाही, भरती-ओहोटी ठरवते. आमच्याकडचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजेच सुकती. रोज वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. रत्नागिरीच्या खाली भरती थोडी आधी येते, शिवाय गणितात पाऊण-एक तासाची चूक धरा. नेमकी वेळ नेहमी कोळीवाड्यात विचारावी.

पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण. तेव्हा पाणी खूप वर येतं आणि खूप आत जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा चढ-उतार कमी. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला फिरायला मोठं मैदान मिळतं, पण तेच पाणी परत येताना वेगाने येतं.

हे सगळं सांगायचं कारण हरिहरेश्वर. तिथल्या प्रदक्षिणेच्या वाटेवर कड्यातल्या पायऱ्या उतरून खाली खडकांवर जायचं असतं. लाटांनी कोरलेला तो कातळ बघताना माणूस भान विसरतो. पण भरती लागल्यावर तिथे थांबायचं नाही. एखादी मोठी लाट न सांगता येते आणि बुळबुळीत खडकावर पाय राहत नाही. तिथे जीव गेलेले आहेत. पाणी उतरत असताना खाली जा आणि चढू लागायच्या आत वर या. बाबांना पायऱ्यांवर हात द्या, खाली वाट तशी सोपी आहे.

वाचनमात्र_होते | सकाळी ८:०२

तिथीची पाऊणपट! एवढी वर्षं कोकणात जातेय, हे कुणी सांगितलंच नाही. हा प्रतिसाद छापून गाडीत ठेवणार.

सड्यावरची | सकाळी ९:२०

मोकळा_वारा, तुम्हाला कुणी हटकलं नाही याचा अर्थ कुणाला त्रास झाला नाही असा होत नाही. मी देवगडच्या बाजूची. आमच्या किनाऱ्यावर सकाळी काय दिसतं ते सांगते. शेकोटीची राख, त्यात अर्धवट जळलेलं प्लास्टिक, फुटलेल्या बाटल्या, आणि सुरूच्या झाडांमागे जे दिसतं ते लिहिण्यासारखं नाही. त्याच वाळूवर आमच्या बायका मासे सुकवतात आणि अनवाणी चालतात. मागच्या वर्षी माझ्या काकूच्या पायात काच गेली, तीन टाके पडले.

समुद्र सगळ्यांचा हे मान्य. पण किनारा म्हणजे गावाचं अंगण आहे. होड्या कुठे ओढायच्या, जाळी कुठे पसरायची हे ठरलेलं असतं. अंगणात येताना हाक मारायची, एवढंच मागणं आहे. ग्रामपंचायतीत किंवा पोलीस पाटलांना विचारा, नाहीतर किनाऱ्यालगतच्या कुठल्याही घरी. दहातले आठ जण म्हणतील, "वाळूत कशाला, आमच्या खळ्यात (अंगणात) तंबू घाला." तिथे पाणी मिळतं, संडास मिळतो, रात्री कुत्री आली तर ओरडायला माणूस असतो. सुखाने झोपाल.

एक_पंचा | सकाळी ९:४१

सड्यावरची यांना पूर्ण अनुमोदन.

मोकळा_वारा | सकाळी १०:१५

राख आणि बाटल्या आमच्या नसतात, आम्ही कचरा परत आणतो. पण अंगणाची गोष्ट पटली. असा विचार केला नव्हता. यंदा विचारून राहू.

कासवाच्या_मागे | सकाळी ११:३०

वेळासबद्दल दोन गोष्टी. डिसेंबरमध्ये पिल्लं दिसणार नाहीत, मुलांना तसं कबूल करू नका. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये रात्री येऊन अंडी घालतात. गावातले कार्यकर्ते ती काढून कुंपणात नेऊन पुरतात. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. म्हणून कासव महोत्सव फेब्रुवारीनंतर असतो आणि पिल्लं सकाळी व संध्याकाळी पाण्यात सोडतात. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ मध्ये वेळासला हे काम सुरू केलं, आता ते गावाने आपलं मानलंय. लोक घरीच राहायला-जेवायला ठेवतात.

दुसरी गोष्ट तंबूवाल्यांसाठी. डिसेंबरच्या रात्री मादी किनाऱ्यावर येत असते. समोर शेकोटी, गाण्यांचा आवाज किंवा पांढरा झगझगीत दिवा असेल तर ती अंडी न घालताच परत फिरते. मी हे एकदा डोळ्यांनी पाहिलंय. वाळूत वर येणारा रुंद माग होता, ट्रॅक्टरच्या चाकासारखा. मध्येच वळला होता आणि पुन्हा पाण्यात गेला होता. वर पन्नास पावलांवर कुणाची तरी शेकोटी धुमसत होती. तो माग आठवला की अजून जीव तुटतो. म्हणून वाळूवर तंबू नकोच. विजेरीला लाल जिलेटीन कागद लावा.

गिअर_चौथा | दुपारी १:०५

गाडी वाळूत घालू नका!! हे कुणीच कसं लिहिलं नाही? चार वर्षांपूर्वी मी घातली. ओली वाळू डांबरासारखी कडक दिसते, गाडी मस्त पळते. फोटोसाठी थांबलो आणि पुढची चाकं बसली. जितकं अॅक्सिलरेटर दाबलं तितकी खोल गेली. भरती सुरू होती. गावातली चौदा माणसं आली, फळ्या आणल्या, दोर लावला. दाराच्या उंबऱ्याला पाणी लागलं तेव्हा गाडी निघाली. एकानेही पैसे घेतले नाहीत. पुढे वर्षभर गाडीची वायरिंग गंजत राहिली. पण मला आठवते ती बायकोची तोंडावर हात धरून उभी असलेली मूर्ती. गाडी डांबरावर ठेवा आणि पायांनी चाला.

आगोटी | दुपारी २:२०

काशीदचं सुरूचं बन बघायला जाणार असाल तर जुने फोटो मनातून काढून टाका. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ याच पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. दिवेआगर, श्रीवर्धन, मुरुड भागात सुरू झोपले, नारळी-पोफळी मुळासकट गेल्या. आमच्या वाडीतल्या आजोबांनी लावलेल्या सुपारीच्या बागेत सकाळी उभं राहिलो तर थेट आकाश दिसत होतं. पोफळ लावली तर धरायला सहा-सात वर्षं जातात. आता नवी झाडं खांद्याच्या वर गेली आहेत. दिवेआगरला राहाल तर वाडीतल्या घरीच राहा. त्या चार पैशांची तिथे गरज आहे.

तिसऱ्या_का_मुळे | दुपारी ३:००

अवांतर: ओहोटीला वाळूत बोटं घालून मुलांना तिसऱ्या (शिंपल्या) काढायला शिकवा. तासभर कुठे जातो कळत नाही.

गुहागरकरीण | दुपारी ३:१२

तिसऱ्या नव्हे हो, मुळे!

आगोटी | दुपारी ३:२०

आमच्याकडे शिवल्या. वाटण लावून भाकरीबरोबर.

सुकती | दुपारी ३:३८

नाव काहीही घ्या, पण बारीक असलेल्या परत वाळूत सोडा. आणि गुडघाभर पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूत पाखट (चपटा मासा) बसलेलं असतं, त्याच्या शेपटीचा काटा भयंकर. पाय घासत गेलं की ते आपणहून सरकतं. पोहण्याबद्दल: गणपतीपुळ्याचा समुद्र फार फसवा आहे, तिथे मुलांना घोट्याच्या वर जाऊ देऊ नका. अनोळखी किनाऱ्यावर, "इथे ओढ आहे का?" एवढं विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका.

कातळवाट | संध्याकाळी ६:५०

बाबा आडिवऱ्याच्या बाजूचे, म्हणजे कशेळी त्यांच्या शेजारचं. मग यादीत काहीही खोडा, कशेळीचा सडा खोडू नका. तिथल्या जांभ्या कातळावर एक प्रचंड हत्ती कोरलेला आहे, १८ मीटरच्या आसपास लांब. त्याच्या पोटात इतर प्राणी आणि मासे कोरलेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली अशी कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. उक्षी, जांभरुण, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी, सगळी त्याच माळेतली. देवाचे गोठणेला तर एका चित्राजवळ होकायंत्राची सुई भरकटते. मुलांच्या हातात होकायंत्र द्या आणि गंमत बघा.

उन्हं तिरपी असताना जा, सकाळी आठच्या आत किंवा चारनंतर. मग रेघांत सावली भरते आणि चित्र उठून दिसतं. भर दुपारी नुसता काळा कातळ दिसतो, आणि तापलेला सडा म्हणजे तवा. चित्रावर पाय देऊ नका, त्यावर खडू किंवा पाणी टाकू नका. गावातला माणूस सोबत घ्या.

सड्यावर आणखी एक भान ठेवा, फुरसं. वीतभर-हातभर लांबीचा, मातीच्या रंगाचा साप, विषारी. दगडाखाली बसतो. सड्यावर कमरेइतके बूट लागत नाहीत, घोटा झाकणारे पुरतात. दगड हाताने उचलायचा नाही, अंधारात विजेरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. तंबूची चेन कायम बंद आणि बूट सकाळी झटकून घालायचे. दंश झालाच तर कापाकापी, बांधाबांधी, मंत्रतंत्र काही न करता सरळ ग्रामीण रुग्णालय गाठायचं.

तंबूशिलेदार | रात्री ८:४५

तंबूबद्दल थोडं. किनाऱ्यावर दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री उलटतो आणि जमिनीकडून वाहतो. आपल्या शाळेच्या पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे! म्हणून दिवसाच्या वाऱ्याकडे बघून तंबूचं तोंड ठरवू नका, पहाटे गार मतलई थेट आत शिरतो. वाळूत खुंटी धरत नाही. कापडी पिशवीत वाळू भरा, दोरीला बांधा आणि हातभर खोल पुरा. जांभ्यावर खुंटी जातच नाही, तिथे दगडाला बांधा. डिसेंबरात दव इतकं पडतं की बाहेर ठेवलेला टॉवेल सकाळी पिळता येतो. नारळाखाली तंबू कधीही नको. हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो, कारण लोक तिथेच ठोकतात.

खाडीपलीकडे | १६ नोव्हेंबर, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बाबांना धागा वाचून दाखवला. "तिथीची पाऊणपट" ऐकलं आणि ते हातातला चहा ठेवून म्हणाले, "हे माझे आजोबा म्हणायचे." मुळे काढायला जायच्या आधी ते अंगणात उभे राहून बोटांवर मोजायचे म्हणे. पन्नास-पंचावन्न वर्षांत त्यांनी हे आम्हाला सांगितलं नव्हतं. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांनीच आमचे आठ दिवस आखले.

यादीतली चौदा नावं खोडली. मुक्काम पाचच: दिवेआगर, आंजर्ले, वेळणेश्वर, कशेळी, भोगवे. तंबू फक्त वेळणेश्वर आणि भोगव्याला, तेही कुणाच्या तरी अंगणात.

दर्यावाट | १६ नोव्हेंबर, रात्री १०:१०

भोगव्याला दोन रात्री ठेवा. देवबागच्या टोकावरून भोगवं समोर हाताच्या अंतरावर दिसतं, पण मध्ये कर्लीचं मुख आहे. गाडीला मोठा वळसा घालून परुळ्यावरून यावं लागतं. भोगव्याहून निवतीच्या किल्ल्यावर चढून पलीकडे उतरायची वाट चुकवू नका. बाबांना वर झेपलं नाही तर निवतीच्या किनाऱ्यावर बसवा, तिथे सकाळी रापण लागते, म्हणजे किनाऱ्यावरून सगळे मिळून मोठं जाळं ओढतात. आमच्या मालवणीत सांगायचा तर, हात लावल्यार कोण नाय म्हणूचो नाय.

खाडीपलीकडे | ४ जानेवारी, रात्री ८:२०

परत आलो. सविस्तर लिहायला वेळ लागेल, पण ज्यांनी इतकं सांगितलं त्यांच्यासाठी थोडं आज.

हरिहरेश्वरला षष्ठी होती. बाबांच्या हिशोबाने भरती साडेचारला, म्हणजे ओहोटी पावणेअकराच्या सुमारास. आम्ही साडेनऊला खाली उतरलो आणि अकराच्या आत वर आलो. खाली खडकात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं, प्रत्येकात पाणी आणि प्रत्येकात काहीतरी हलणारं. वर येताना एक कुटुंब खाली निघालं होतं, बाबांनी त्यांना थांबवून तिथीचा हिशोब समजावला. ते ऐकून थांबले.

वेळणेश्वरला ज्यांच्या अंगणात तंबू लावला त्यांनी रात्री दोन घोंगड्या आणून दिल्या. मतलईचं अगदी खरं निघालं.

कशेळीला सकाळी साडेसातला पोचलो. बाबांनी चपला बाहेरच काढल्या. हत्तीच्या सोंडेपासून शेपटीपर्यंत कडेकडेने चालले, मग खाली बसून एका माशाच्या रेघेजवळ हात नेला, पण टेकवला नाही. म्हणाले, "या सड्यांवर मी गुरं राखलीत. पायाखाली हे होतं." बराच वेळ तिथेच बसून राहिले. मुलंही शेजारी गप्प बसली, कुणी सांगितलं नव्हतं.

आणि निवतीची रापण. पहाटे होडीने अर्धगोलात जाळं टाकून ठेवलं होतं. दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणि प्रत्येक दोराला पंधरा-वीस माणसं. टाच वाळूत रुतवायची, अंग मागे टाकायचं, चार पावलं ओढायचं. शेवटचा माणूस दोर सोडून पुढे पाण्याशी जाऊन पुन्हा धरतो. दोन्ही रांगा ओढता ओढता एकमेकींकडे सरकत येतात. दर्यावाट म्हणाले तसंच झालं. मुलाने जाऊन दोराला हात लावला आणि एका आजोबांनी न बोलता त्याला आपल्या पुढे घेतलं. पाऊण तास ओढत होता, तळहात लाल झाले. जाळं वर आलं तेव्हा आधी नुसता आवाज आला, जोराचा पाऊस पत्र्यावर पडावा तसा. बहुतेक पेडवे, थोडे बांगडे. वाटे पडल्यावर त्या आजोबांनी त्याची टोपी काढून घेतली, त्यात चार बांगडे टाकले आणि म्हणाले, "ह्यो तुझो वाटो."

रेडीला गणपतीचं दर्शन घेतलं आणि पुढे तेरेखोलच्या मुखाशी थांबलो. तिथून गाडी वळवली.

सड्यावरची | रात्री ८:५५

वाचून डोळे भरून आले. बाबांना आमच्याकडून नमस्कार सांगा.

कासवाच्या_मागे | रात्री ९:१०

मार्चमध्ये मुलांना घेऊन वेळासला या. पिल्लं तेव्हा असतील.

गुहागरकरीण | रात्री ९:१४

सगळं ठीक, पण बांगड्यांचं काय केलंत?

खाडीपलीकडे | रात्री ९:३०

भोगव्याला ज्यांच्या खळ्यात तंबू होता त्या काकूंनी त्रिफळं घालून तिखलं केलं. मुलाने एक बांगडा स्वतः आजोबांना वाढला. टोपी अजून कुणाला धुऊ देत नाहीये.